पऱ्ह्यांजवळच्या बल्बावरचा पिवळा पतंग: खोडकिडा कोणता आणि रेघवाला कोणता

भाऊ, तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. लाखांदूर तालुक्यात यांनी उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठीची रोपं, टाकलेत. जानेवारी संपता संपता मोटारीच्या खोलीवरच्या बल्बाजवळ रोज रात्री दहा-पंधरा लहान पिवळसर पतंग भिंतीला चिकटलेले दिसायला लागले. फोनमधल्या ॲपनं एका फोटोला धानाचा पिवळा खोडकिडा म्हटलं, आणि त्याच पतंगाच्या दुसऱ्या फोटोला भलतंच लॅटिन नाव दिलं. कृषी केंद्राच्या दुकानात फोटो दाखवला तर ‘खोडकिडाच आहे, आत्ताच आवरा’ असं ऐकायला मिळालं आणि दाणेदार औषधाची पिशवी हातात पडली. पिशवी अजून फोडलेली नाही. आता यांना चार गोष्टी हव्यात: हा पतंग कोण, धानाला धोका आहे का, पिशवी फोडायची का, आणि याला मराठीत काय म्हणतात.

तुमच्या पहिल्या दोन फोटोंतला पतंग खोडकिडा नाही. तिसऱ्यातला आहे. तो फोटो हललेला आहे, पण पंखाच्या मधोमध काळा ठिपका दिसतो, आणि तेवढा मला पुरतो. म्हणजे ॲप पूर्ण चुकलं नाही आणि दुकानदारही पूर्ण चुकला नाही. तुमच्या भिंतीवर दोन वेगळे पतंग शेजारी शेजारी बसताहेत आणि तुम्ही ते एकाच नावाखाली मोजताय. त्यामुळे नुसतं ‘हा कोण’ विचारून भागणार नाही. त्या दहा-पंधरातले किती कोणते हे कळलं, तर पिशवीचं उत्तर आपोआप निघतं.

पहिल्या दोन फोटोंतल्या पतंगाला मी ‘रेघवाला’ म्हणतो; त्याचं शास्त्रीय नाव रोडोमेट्रा सॅक्रेरिया. लिनियसनं १७६७ साली त्याचं वर्णन केलं. इंग्रजीत त्याला व्हेस्टल म्हणतात. युरोपचा दक्षिण भाग, आफ्रिका आणि आपला देश असा त्याचा पसारा आहे. हा लांब उडणारा प्राणी आहे. पार इंग्लंडपर्यंत दक्षिणेकडून उडत जाणारा पाहुणा म्हणून तिकडचे हौशी लोक त्याची वाट बघतात. कुळ जिओमेट्रिडी, म्हणजे ज्यांच्या अळ्या वीत वीत मोजल्यासारखं चालतात ते पतंग. धानाशी याचा काही संबंध नाही. त्याची अळी पॉलिगोनम आणि रुमेक्स यांच्यावर जगते. रुमेक्स म्हणजे आपण भाजी करतो तो आंबट चुका आणि त्याचे रानटी भाऊबंद. पॉलिगोनम तुम्ही रोज तुडवता. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात जमिनीला चिकटून पसरणारं, पेरापेराला बारीक गुलाबी फुलं येणारं जे तण दिसतं, ते त्याच वंशातलं. तुमचे पऱ्हे तलावाखाली असतील तर हे पतंग बल्बावर का येतात याचं मला नवल वाटत नाही.

घोळ होतो तो बसण्याच्या ढबीमुळे. जिओमेट्रिडी कुळातले बहुतेक पतंग पंख पसरून भिंतीला सपाट चिकटतात, कागद डकवल्यासारखे. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं आणि नव्यानं शिकणारे तेच लक्षण धरून चालतात. हा पतंग मात्र कुळाची रीत पाळत नाही. तो पंख पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते मिटून बसतो. खोडकिडाही तसाच बसतो. रंग दोघांचा गवती पिवळा, आकार दोघांचा साधारण सारखा, पंख उघडले तर एक इंच किंवा थोडा कमी-जास्त. आठ-दहा फुटांवरून, बल्बाच्या उजेडात, कोणीही फसेल. मीही फसलो आहे, ते पुढे सांगतो.

आता जवळ जाऊन काय बघायचं. तुमच्या पहिल्या फोटोत पतंग वरून दिसतो. त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकापासून एक तिरकी रेघ निघते आणि पंखाच्या मागच्या कडेच्या साधारण मध्यावर येऊन थांबते. रंग गुलाबी ते विटकरी. पंख मिटलेले असल्यानं डावी-उजवी रेघ पाठीवर एकमेकींना भेटतात आणि वरून बघितलं तर बाणाचं टोक तयार होतं, डोक्याकडे रोखलेलं. हा बाण स्वच्छ दिसला की माझं निम्मं काम होतं. मागचे पंख पांढुरके असतात, त्यांवर काही नक्षी नसते. बसलेल्या पतंगाचे ते दिसत नाहीत, पण मेलेला सापडला तर बघा. नराच्या मिशा दोन्ही बाजूंनी कंगव्यासारख्या असतात, मादीच्या साध्या दोऱ्यासारख्या. तुमचा दुसरा फोटो नराचा आहे. मिशा मोठ्या करून बघा, पिसासारख्या दिसतील. खोडकिड्यात नर-मादी दोघांच्याही मिशा साध्याच असतात, म्हणून पिसासारखी मिशी दिसली की तिथंच थांबायचं, तो खोडकिडा नव्हे.

खोडकिड्याची मादी ओळखायला सोपी. पुढचा पंख चांगला पिवळा आणि त्याच्या मध्यावर एकच ठळक काळा ठिपका. शेपटीच्या टोकाला पिवळसर केसांचा झुबका. तो झुबका कशासाठी, तर ती पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते आणि त्या पुंजक्यावर हेच केस पांघरते. म्हणून अंडीपुंज तपकिरी लोकरीच्या गोळ्यासारखा दिसतो. बाजूनं बघितलं तर तोंडापुढे चोचीसारखं टोक आलेलं दिसतं.

नर हा खरा फसवणारा. तो मादीहून लहान, मळकट तपकिरी, आणि त्याच्याही पंखावर टोकाकडून आत येणारी एक धुरकट तिरकी रेघ असते. झाला ना गोंधळ! फरक असा: नराची रेघ धूर लागल्यासारखी, तुटक, राखाडी-तपकिरी असते आणि पंखाच्या बाहेरच्या कडेनं बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ असते. रेघवाल्या पतंगाची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सलग असते आणि कडेला ठिपके नसतात. रेघ गुलाबी की तपकिरी यावर एकट्यावर विसंबू नका, आणि याचं कारण जरा ऐकण्यासारखं आहे.

रेघवाला पतंग कोषात असताना हवा कशी होती यावर त्याचा रंग ठरतो. गरम दिवसांत निघालेला पतंग फिका पिवळा आणि रेघ बारीक गुलाबी. थंडीत कोष घालवलेला पतंग निघतो तेव्हा रेघ रुंद आणि गडद असते, सगळा पंखच गुलाबी-तपकिरी झाकोळलेला असतो. बाहेरच्या देशांत लोकांनी कोष थंड आणि उबदार ठेवून हे करून बघितलेलं आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा चांगलाच उतरतो, म्हणून या दिवसांत मिळणारे पतंग पुस्तकातल्या पिवळ्याधमक चित्रासारखे नसतात. तुमच्या दुसऱ्या फोटोतला पतंग जवळजवळ भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा दिसतो. ॲपनं त्याला दुसरं नाव दिलं ते बहुधा यामुळेच, आणि त्यात बल्बाच्या पिवळ्या उजेडानं भर घातली.

माझी चूक सांगतो. प्रकाश सापळ्याच्या नोंदी ठेवायचं काम मी बरीच वर्षं केलं. सकाळी सापळ्याची बरणी उघडायची, पतंग कागदावर ओतायचे, जातवार मोजायचे, वहीत आकडा. एका फेब्रुवारीत आमचा आकडा अचानक चढला. मी आणि मदतीचा पोरगा खूश, की बघा, खोडकिडा लवकर निघाला, इशारा देऊ. तीन-चार गावांत सांगूनही टाकलं. मग एका सकाळी बरणी नेहमीसारखी खोलीत न उघडता उन्हात ओट्यावर उघडली. पाहतो तर निम्म्याहून जास्त पतंगांना तिरकी रेघ आहे आणि काळा ठिपका नाहीच. बरणीत फडफडून पंखावरचे खवले झडले होते, ठिपके पुसले असतील असं मी आदल्या दिवशी स्वतःला समजावलं होतं. खवले झडतात हे खरं, पण ठिपका झडतो आणि पिवळा रंग राहतो असं सगळ्यांच्या बाबतीत कसं होईल? एवढा साधा प्रश्न मी पंधरा दिवस विचारला नव्हता. त्या गावांत परत जाऊन सांगताना जी लाज वाटली ती वाटली. तेव्हापासून वहीत तिसरा रकाना आहे, ‘रेघवाला’.

हे दोघे सोडून आणखी काही पिवळे पतंग तुमच्याकडे येतील. धानाची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंगही गवती पिवळा, पण तो लहान असतो, त्रिकोणी सपाट बसतो, आणि त्याच्या पंखांवर आडव्या नागमोडी गडद रेघा आणि काळपट किनार असते. एकदा बघितला की पुन्हा चुकत नाही. हायपेरिथ्रा लुटिया नावाचा एक पिवळा-तांबूस पतंग याच जिओमेट्रिडी कुळातला, पण तो मोठा, पंखांच्या कडा कोनदार आणि बसणं सपाट. स्कोपुला वंशातले मलईच्या रंगाचे बारके पतंगही सपाटच बसतात, अंगावर लाटांसारख्या रेघा. त्यांच्या फोटोवरून मी वंशापर्यंतच बोलतो, जात सांगत नाही. त्या गटात पंखांच्या शिरा आणि मागचे पाय भिंगाखाली पाहावे लागतात, आणि पुष्कळदा नराचे जननांग उघडून बघितल्याशिवाय खात्री होत नाही. कोणी फोटो बघून ठामपणे जात सांगत असेल तर त्याला ‘कशावरून’ एवढं विचारा.

युब्लेमा वंशाकडे थोडं जास्त लक्ष द्या. हे बारके पतंग वेगळ्या कुळातले, पण पिवळट-गुलाबी पट्ट्यांमुळे नवख्याला रेघवाल्यासारखे वाटतात. यांच्या पंखाला आडवे पट्टे असतात, टोकापासून पाठीपर्यंत जाणारी एकटी सरळ तिरकी रेघ नसते. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, वांगी असतील तर यातलाच एक, युब्लेमा ऑलिव्हेशिया, पानं गुंडाळून आत बसणाऱ्या अळीचा पतंग. आणि गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख घेणाऱ्यांना याच वंशातला युब्लेमा अमॅबिलिस ठाऊक असतो, कारण त्याची अळी लाखेचे किडेच खाते. दिसायला नाजूक पतंग आणि धंदा असा.

कापूस पट्ट्यातले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच: ठिपक्याच्या बोंडअळीतली इअरियास इन्सुलाना ही जात उन्हाळ्यात हिरवी असते, पण थंडीत गवती पिवळी होऊ शकते आणि छपरासारखी बसते. तिच्या पंखावर गुलाबी बाण नसतो.

अळ्यांकडून ओळख लावायची तर तीही जमते. सोयाबीनवरची उंटअळी आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पाठ वाकवून चालते ती. तीही जिओमेट्रिडीचीच असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सोयाबीनवरच्या हिरव्या उंटअळ्या दुसऱ्या कुळांतल्या. हातावर घेऊन पोटाखालचे मांसल पाय मोजा, छातीचे तीन जोड खरे पाय सोडून. खऱ्या मोजणीवाल्या अळीला शेवटच्या टोकाचे धरून दोनच जोड्या असतात, आणि मध्ये मोठी मोकळी जागा. उंटअळीला साधारणपणे तीन जोड्या असतात. तलावाच्या गाळातल्या पॉलिगोनमवर बारीक काडीसारखी, दोन जोड्यांची अळी मिळाली तर ती रेघवाल्याची असू शकते. बरणीत त्याच तणाच्या फांद्या घालून पाळा. पतंग निघाला की खात्री झाली. माझ्या मते फोटोपेक्षा हा पुरावा मोठा.

खोडकिड्याची अळी अशी बाहेर फिरताना दिसणार नाही. अंड्यातून निघाली की ती थोड्याच वेळात खोडात शिरते. ती बघायची तर वाळलेला गाभा ओढायचा. सहज हातात आला, खाली कुरतडलेला असला, की ते खोड उभं चिरा. आत फिकट पिवळी, गडद डोक्याची अळी सापडते. हीच गाभेमर. लोंबी आल्यावर नुकसान झालं तर पांढऱ्या, पोचट लोंब्या उभ्या राहतात.

आता पिशवी. आजच्या माहितीवर मी ती फोडणार नाही. पतंग भिंतीवर आहे म्हणून दाणेदार औषध टाकायचं नसतं, ते पतंगासाठी नसतंच, अळीसाठी असतं. निर्णय पऱ्ह्यांत ठरतो. पऱ्ह्यांची गादी चालत फिरा, वाकून पानांचे शेंडे बघा. चौरस मीटरमागे एक अंडीपुंज, ही उपाय करायची पातळी धरली जाते. रोवणीनंतर ५ टक्के गाभेमर. लोंबी येण्याच्या वेळी चौरस मीटरमागे १ पतंग. यातलं काही गाठलं असेल तर आपल्या कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून मात्रा ठरवा; मी इथं मात्रा लिहीत नाही, कारण तुमच्या पिशवीवरचं लेबल मी पाहिलेलं नाही. त्याआधी फुकटातलं काम करून घ्या. अंडीपुंज दिसले तर ते पान खुडून नष्ट करा. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे शेंडे छाटून लावा, शेंड्यावर घातलेले पुंज तिथंच जातात. खरिपाची धसकटं बांधीत (धानाच्या खाचरात) तशीच उभी असतील तर ती नांगरून टाका, थंडीत अळी त्यांतच दडून बसते आणि ऊब आली की पतंग होऊन निघते. तुमच्याकडे तिसऱ्या फोटोत एक मादी आहेच, म्हणजे निघायला सुरुवात झालेली आहे. दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. पंधरा पतंगांची भीती दोन माद्यांसाठी घेऊ नका, एवढंच.

पण दोन की बारा हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुम्हाला मोजावं लागेल. रात्री बल्बाखाली फोटो काढू नका. पहाटे फटफटलं की जा, पतंग तिथंच भिंतीवर बसलेले असतात, आणि चिमण्या यायच्या आत काम होतं. वरून एक, बाजूनं एक असे दोन फोटो, शेजारी काडेपेटीची काडी धरा म्हणजे आकार कळतो. हात लावू नका, खवले बोटाला लागतात. एखादा हवाच असेल तर त्याच्यावर काचेचा पेला पालथा घाला, भिंत आणि पेला यांच्यात जाड कागद सरकवा, आणि पेला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पतंग शांत बसतो, सावकाश बघता येतो, आणि बाहेर काढल्यावर उडूनही जातो.

आणि सगळ्यात सोपी मोजणी तुमच्या पालीनं करून ठेवलेली आहे. बल्बाजवळच्या पाली पतंगाचं अंग खातात आणि पंख बरेचदा खाली गाळतात. सकाळी भिंतीखाली झाडू मारण्याआधी कागदावर ते पंख गोळा करा. सुटा पुढचा पंख ओळखायला अख्ख्या पतंगापेक्षाही सोपा जातो: मध्ये काळा ठिपका असेल तर खोडकिड्याची मादी, टोकापासून तिरकी सलग रेघ आणि कडेला ठिपके नाहीत तर रेघवाला. आठ दिवस हे करा. चांदण्या रात्री बल्बावर पतंग कमी येतात, म्हणून पौर्णिमेच्या आसपासचा आकडा बघून ‘गेले’ असं म्हणू नका. अमावास्येच्या आसपासचा आकडा जास्त खरा.

राहिला मराठी नावाचा प्रश्न. माझ्या तरी कानावर याचं रूढ मराठी नाव कधी आलेलं नाही. आपल्याकडे बल्बावरच्या सगळ्यांनाच पाखरं म्हणतात, आणि ज्याच्यापासून पिकाला त्रास नाही त्याला वेगळं नाव पडत नाही. माझ्या वहीत तो ‘रेघवाला’ आहे. तुमच्या वहीत दोन रकाने पाडा, ठिपकेवाली आणि रेघवाला, आणि आठ दिवसांचे आकडे इथंच टाका, जमले तर पंखांच्या कागदाचा एक फोटो.